स्क्रोल सॉचे ब्लेड ओवण्यासाठी भोक कितीचे पाडावे? नवशिक्यांसाठी बिटच्या मापांचे मार्गदर्शन

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक ब्लेड वर-खाली चालवून नक्षी कापणारे करवतीचे यंत्र. त्यावरच्या जाळीकामात बाहेरच्या कडेपासून कापत आत शिरता येत नाही. मखराच्या कमानीतली वेलबुट्टी असो, नावाच्या पाटीवरच्या 'क' च्या पोटातली जागा असो, की दिव्याच्या झाकणावरची नक्षी असो, चारही बाजूंनी बंद असलेल्या प्रत्येक जागेत आधी एक भोक पाडावे लागते. मग ब्लेडचे एक टोक मशीनमधून सोडवून त्या भोकातून ओवायचे, पुन्हा बसवून ताण द्यायचा आणि तेव्हा कुठे कापायला सुरुवात होते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून घरी प्लायवूडचे मखर कापणारे बरेच हौशी लोक या यंत्राकडे वळले आहेत, आणि एका मखरात अशी शंभरभर भोके सहज निघतात. त्यामुळे भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या बिटचे माप चुकले, तर ते शंभर वेळा त्रास देते.

बहुतेक नवशिके एखादा तक्ता शोधतात आणि ब्लेडच्या नंबरासमोर लिहिलेला बिट घेऊन येतात. तक्ता खालीही दिलेला आहे, पण तो अर्धेच काम करतो. भोक किमान किती असावे हे ब्लेड ठरवते. कमाल किती असू शकते हे नक्षी ठरवते. या दोन मर्यादांच्या मध्ये जी मापे बसतात, त्यांतले सर्वांत मोठे माप निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांत बारीक भोक पाडण्यात कसब दिसते खरे, परंतु बारीक बिट मोडतो, भरकटतो, ड्रिलच्या चकात (बिट धरणाऱ्या जबड्यांत) नीट धरला जात नाही आणि त्या भोकात ब्लेड ओवताना डोळ्यांवर ताण येतो. भोक टाकाऊ भागात असते आणि शेवटी त्या तुकड्यासह निघून जाते, त्यामुळे त्याच्या बारीकपणाचे कौतुक करणारे कोणी उरत नाही.

पहिली पायरी: आपले ब्लेड पिनचे आहे की साधे, ते पाहा

पिनच्या ब्लेडला दोन्ही टोकांशी आडवी छोटी पिन असते आणि तिच्या आधाराने ते मशीनच्या खोबणीत अडकते. ते बसवायला सोपे आहे, परंतु भोकातून ब्लेडबरोबर ती पिनही जावी लागते. कॅलिपरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) पिनची लांबी मोजून त्यापेक्षा किंचित मोठा बिट घ्यावा. व्यवहारात ५ मिमीचा बिट बहुतेक ठिकाणी चालतो. याचा अर्थ असा, की ज्या नक्षीतली सर्वांत लहान पोकळी सहा-सात मिमीपेक्षा कमी आहे, ती नक्षी पिनच्या ब्लेडने कापण्याच्या भानगडीत पडू नये. काही जण पिनेची टोके कानशीने घासून ती आखूड करतात आणि थोडी जागा मिळवतात. ही तडजोड चालते, पण पिन खोबणीत धरेल इतकी तरी शिल्लक ठेवावी लागते.

साध्या ब्लेडला पिन नसते; त्याचे सपाट टोक स्क्रूने आवळून धरतात. बारीक जाळीकाम यानेच होते. तुमच्या मशीनला फक्त पिनचे ब्लेड बसत असेल, तर साधे ब्लेड धरणारे जोड मिळतात का, याची मशीन घेतलेल्या दुकानात चौकशी करावी. पुढचे सर्व विवेचन साध्या ब्लेडबद्दल आहे.

दुसरी पायरी: ब्लेडचा कर्ण काढा

साध्या ब्लेडचा छेद हा एक लहानसा आयत असतो. रुंदी म्हणजे दातांच्या टोकापासून पाठीपर्यंतचे अंतर आणि जाडी म्हणजे पत्र्याची जाडी. गोल भोकातून आयत जायचा असेल, तर भोकाचा व्यास त्या आयताच्या कर्णाएवढा तरी हवा. नुसती रुंदी पाहून बिट घेतला, तर ब्लेड भोकाच्या तोंडाशी अडते, आणि जोर केला की वाकते. बारीक ब्लेड एकदा मुडपले की त्या जागीच तुटते.

पाच नंबरच्या ब्लेडचे उदाहरण घेऊ. त्याची रुंदी साधारण ०.९७ मिमी आणि जाडी ०.४१ मिमी असते. दोन्हींचे वर्ग करून बेरीज केली आणि वर्गमूळ काढले, की कर्ण सुमारे १.०५ मिमी येतो. म्हणजे १ मिमीच्या बिटने पाडलेल्या भोकात हे ब्लेड जाणार नाही. लाकडाचे तंतू दबतात म्हणून कधी जाईलही, पण त्यावर विसंबू नये. १.२ मिमीत ते जाते आणि १.५ मिमीत विनासायास जाते.

नेहमीच्या नंबरांसाठी हा हिशेब असा बसतो. कंपनीप्रमाणे आणि दातांच्या प्रकाराप्रमाणे मापांत थोडा फरक पडतो, म्हणून आपल्या पाकिटावरची मापे पाहून घ्यावीत.

२/० नंबर: कर्ण सुमारे ०.६ मिमी, बिट ०.८ मिमी
२ नंबर: कर्ण सुमारे ०.८ मिमी, बिट १ मिमी
५ नंबर: कर्ण सुमारे १.०५ मिमी, बिट १.२ ते १.५ मिमी
७ नंबर: कर्ण सुमारे १.२५ मिमी, बिट १.५ मिमी
९ नंबर: कर्ण सुमारे १.४५ मिमी, बिट १.६ ते १.८ मिमी
१२ नंबर: कर्ण सुमारे १.७ मिमी, बिट २ मिमी

यात दिलेला बिट हा सोयीने ओवता येईल असा किमान बिट आहे, हे लक्षात ठेवावे. स्पायरल ब्लेड, म्हणजे पीळ दिलेले आणि सगळ्या दिशांनी कापणारे ब्लेड, या हिशेबात बसत नाही. त्याची काही पाकिटे टोके चपटी करून विकली जातात आणि ती चपटी टोके मधल्या भागापेक्षा रुंद असतात. अशा वेळी कॅलिपर टोकालाच लावावा.

अमेरिकी तक्ते वाचताना एक गोंधळ हमखास होतो. तिथे बारीक बिटांनाही नंबर आहेत आणि ते उलटे चालतात. ब्लेडचा नंबर वाढला की ब्लेड मोठे होते, पण बिटचा नंबर वाढला की बिट बारीक होतो. ६० नंबरचा बिट म्हणजे जवळपास १ मिमी, ५५ नंबरचा १.३ मिमी आणि ५२ नंबरचा १.६ मिमी. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात हे नंबर सांगून उपयोग नाही. तिथे मिलिमीटर चालतो आणि जुन्या दुकानदारांशी बोलताना सूत चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे अर्ध्या सुताचा बिट मागितला की १.६ मिमीचा बिट हाती येतो, आणि ७ नंबरपर्यंतच्या सर्व ब्लेडना तो पुरतो. नक्षी फार बारीक नसेल, तर हा एकच बिट घेऊन शिकायला सुरुवात करावी.

तिसरी पायरी: नक्षीतली सर्वांत अरुंद जागा मोजा

आता वरची मर्यादा. नक्षीचा कागद समोर ठेवून, जिथे भोक पाडावेच लागणार आहे अशी सर्वांत अरुंद पोकळी शोधावी आणि तिची सर्वांत जास्त रुंदी मोजावी. बिट रेषेला चिकटून चालवता येत नाही. दोन्ही बाजूंना निदान अर्धा मिमी जागा सुटली पाहिजे. म्हणून पोकळीच्या रुंदीतून १ मिमी वजा केला की त्या ठिकाणी चालणारा सर्वांत मोठा बिट कळतो.

समजा, दारावर लावायला 'कमल' अशी पाटी करायची आहे आणि अक्षरे शिरोरेषेने एकमेकांना जोडलेली आहेत. 'क' च्या डाव्या पोटात एक बंद जागा आहे. 'म' मध्ये शिरोरेषेखाली एक मोठी बंद जागा आहे, आणि वळणदार टाईप घेतला असेल तर खालच्या गाठीत दुसरी अगदी चिमुकली जागा आहे. 'ल' बहुतेक टाईपांत बाहेरून मोकळा असतो, त्याला भोकाची गरज पडत नाही. अक्षरे ५० मिमी उंच असली, तर 'क' च्या पोटात ३ मिमीचा बिटही आरामात बसेल. पण 'म' च्या गाठीतली जागा जेमतेम २ मिमी भरेल. तिथे १ मिमीचाच बिट आणि २ नंबरचे किंवा त्याहून बारीक ब्लेड लागेल. एका गाठीसाठी सगळी पाटी बारीक ब्लेडने रेंगाळत कापण्यात अर्थ नसतो. मोठ्या जागांसाठी १.५ किंवा २ मिमीचा बिट आणि ५ नंबरचे ब्लेड वापरावे, आणि गाठीपुरते बिट आणि ब्लेड दोन्ही बदलावे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे कागद १२० टक्के मोठा छापून घेणे किंवा गाठ भरीव ठेवणारा टाईप निवडणे. देवनागरीत शिरोरेषेमुळे 'प', 'म', 'स' यांसारख्या अक्षरांच्या जागा वरून बंद होतात, त्यामुळे टाईप निवडतानाच भोकांचा विचार केलेला बरा.

जिथे नक्षीत नुसता गोल ठिपका आहे, तिथे सॉची गरजच नाही. आरपार कोरलेल्या नावातला अनुस्वार, मोराच्या पिसाऱ्यातले गोल डोळे, जाळीच्या कोपऱ्यांतले थेंब हे सर्व त्या-त्या मापाच्या बिटने एका दमात पाडावेत. ३ मिमीपासून पुढे मधोमध टोक असलेले लाकडाचे बिट मिळतात आणि त्यांनी पाडलेल्या गोलाची कड ब्लेडने कापलेल्या गोलापेक्षा नेहमीच सुबक येते.

पानांच्या शिरांसारख्या एकेरी रेषा मात्र वेगळ्या असतात. तिथे काही निघून जात नाही. ब्लेड रेषेवरून जाते आणि तसेच मागे येते. भोक दिसत राहते. म्हणून ते रेषेच्या जाड टोकाशी किंवा देठाशी घ्यावे आणि या एकाच कामात ब्लेडला चालेल तितका बारीक बिट वापरावा.

चौथी पायरी: लाकडाची जाडी आणि बिटची लांबी जुळवा

या पायरीकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) बिटांत व्यास कमी झाला की लांबीही कमी होते. १ मिमीचा बिट एकूण ३४ मिमी लांब असतो, पण त्याची पिळाची खाच फक्त १२ मिमीची असते. १.५ मिमीच्या बिटला ती १८ मिमी मिळते आणि २ मिमीच्या बिटला २४ मिमी. भुसा या खाचेतून वर येतो. खाच पूर्णपणे लाकडात बुडाली की भुशाला वाट राहत नाही, तो दाबला जातो, बिट तापतो आणि अडकून मोडतो.

४ मिमीचे एकच प्लायवूड असेल, तर १ मिमीच्या बिटला काहीच अडचण नाही. मखराच्या दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून आपण तसे तीन प्लाय एकावर एक चिकटवले, की जाडी १२ मिमी होते आणि तो बिट मर्यादेवर येतो. १८ मिमीच्या सागवानात तर तो वापरूच नये. तिथे २ मिमीचा बिट घ्यावा. तशा जाडीच्या लाकडाला ब्लेडही ५ किंवा ७ नंबरचे लागते, त्यामुळे मोठे भोक तिथे आपोआप शोभते. जाड लाकडात दुसरी भीती असते ती तिरकेपणाची. बिट केवळ ३ अंशांनी कलला, तरी १८ मिमी खाली पोहोचेपर्यंत तो जवळपास १ मिमी बाजूला सरकलेला असतो. वरून भोक रेषेच्या आत दिसते आणि खालून ते नक्षीत घुसलेले असते. सागवानाच्या वाढीच्या कड्यांमध्ये मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात, आणि बारीक बिट कठीण पट्ट्यावरून घसरून मऊ पट्ट्यात शिरतो. हे टाळायचे असेल, तर बिट चकाच्या बाहेर गरजेपुरताच काढावा, बाकीचा आत ठेवावा.

पाचवी पायरी: बिट धरणार कशात, ते आधी ठरवा

घरातल्या ड्रिल मशीनचा चक १३ मिमीचा असेल, तर त्यावर बहुधा १.५ ते १३ असे छापलेले असते. त्यात १ मिमीचा बिट घातला, तर तीन जबडे मिटूनही तो सैल राहतो. १० मिमीचे काही चक १ मिमीपर्यंत धरतात. त्याहून बारीक बिटांसाठी तीन साधने आहेत: रोटरी टूलला बसणारा छोटा चक, हाताने फिरवायचा पिन व्हाइस आणि लहान ड्रिल स्टँड. पिन व्हाइस स्वस्त आहे, त्यात बिट सहसा मोडत नाही, आणि दहा-वीस भोकांपुरते काम असेल तर तो पुरेसा आहे. शंभर भोकांसाठी मात्र मनगट तक्रार करते, तिथे स्टँडच हवा.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात सर्किट बोर्डाला भोके पाडण्याचे कार्बाइडचे बिट मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते स्वस्तात मिळतात. त्यांचा दांडा एक सूत जाड असतो, त्यामुळे ते कोणत्याही चकात घट्ट बसतात, आणि त्यांची धार अप्रतिम असते. पण कार्बाइड ठिसूळ असते. हातातल्या मशीनला जरा हिसका बसला, की टोक तुटून लाकडात राहते. स्टँडमध्ये लावणार असाल तरच ते घ्यावेत. साधे एचएसएस बिट मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत सुटे मिळतात. मोठा संच घेण्याऐवजी १, १.२, १.५ आणि २ मिमी एवढीच चार मापे घ्यावीत, आणि पहिल्या दोन मापांचे प्रत्येकी दहा नग एकदम घ्यावेत, कारण ते मोडणारच.

सहावी पायरी: नमुना पट्टी करून मगच मुख्य लाकडाला हात लावा

ज्या लाकडात काम करायचे आहे, त्याच जाडीच्या टाकाऊ पट्टीवर आपल्याकडच्या प्रत्येक बिटने एक-एक भोक पाडावे आणि शेजारी पेन्सिलीने माप लिहावे. मग वापरात असलेली ब्लेड एकेक करून त्यांत घालून पाहावीत. ब्लेड स्वतःच्या वजनाने खाली घसरले, तर ते माप सोयीचे. बोटाने हलके ढकलावे लागले, तर चालण्याजोगे. फिरवून-दाबून घालावे लागले, तर बाद. एकदा वापरलेल्या ब्लेडनेही ही चाचणी करावी, कारण स्क्रूखाली दबून त्याचे टोक चपटे किंवा किंचित वाकलेले असते आणि नव्या ब्लेडपेक्षा त्याला जास्त जागा लागते. ही पट्टी मशीनशेजारी टांगून ठेवली, की पुढे तक्त्याची गरज उरत नाही.

सातवी पायरी: भोके पाडणे

कागद चिकटवल्यावर प्रत्येक भोकाची जागा टोच्याने दाबून घ्यावी. त्या खड्ड्यामुळे बिट घसरत नाही. जागा पोकळीच्या बरोबर मध्यावर नसावी. टाकाऊ भागातच, पण रेषेपासून मिमी-दीड मिमीवर आणि शक्यतो एखाद्या टोकदार कोपऱ्याजवळ ती घ्यावी, म्हणजे ब्लेडला रेषेपर्यंत फार चालावे लागत नाही आणि कोपऱ्यातून दोन्ही दिशांना कापता येते. कोपऱ्याच्या टोकावरच भोक पाडले, तर मात्र तो कोपरा कायमचा गोल होतो.

लाकडाखाली टाकाऊ प्लायचा तुकडा ठेवून दोन्ही एकत्र क्लॅम्पने आवळावेत. लहान तुकडा हाताने धरून ड्रिल करू नये. बिट अडकला की तो तुकडाच फिरतो आणि बोटांवर येतो. बारीक बिटला वेग जास्त आणि दाब कमी लागतो, म्हणून मशीन सर्वांत जास्त वेगावर ठेवावे, दोन-तीन मिमी खाली जाऊन बिट वर घ्यावा, भुसा निघू द्यावा आणि पुन्हा जावे. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि एमडीएफ असेल तर नाकावर मास्कही. बिट आत मोडला, तर तो उपसत बसू नये. तो टाकाऊ भागातच आहे. थोडे बाजूला दुसरे भोक पाडावे आणि कापताना ब्लेड त्या पोलादाला लागणार नाही एवढे पाहावे.

सगळी भोके पाडून झाली, की लाकूड उलटे करून मागची बाजू पॉलिश पेपरने घासावी. भोकाच्या खालच्या तोंडाशी तंतूंचे बारीक तूस उभे राहते. ते तसेच ठेवले, तर लाकूड सॉच्या टेबलावर सपाट बसत नाही, नक्षी वळवताना ते अडखळते आणि तेच तूस भोकाचे तोंड बुजवून ब्लेडला अडवते. पुष्कळदा बिट बारीक पडला अशी समजूत होते, आणि दोष या तुसाचा असतो.

आठवी पायरी: ओवणे

काही मशीनमध्ये ब्लेड वरून खाली ओवतात, काहींत खालून वर. खालून ओवताना भोक दिसत नाही, लाकूड टेबलावर सरकवत ब्लेडच्या टोकावर आणावे लागते. अशा मशीनला वरच्या तक्त्यापेक्षा एक माप मोठा बिट घेणे शहाणपणाचे. ब्लेडचे टोक पकडीने तिरके छाटून घेतले, की सुईसारखे होते आणि लगेच शिरते. छाटताना दोन मिमीपेक्षा जास्त कापू नये, नाहीतर मशीनच्या स्क्रूखाली धरायला लांबी कमी पडते.

भोके सगळी आधी पाडावीत आणि कापायला मात्र लहान पोकळ्यांपासून सुरुवात करावी. मोठ्या जागा आधी काढल्या, तर उरलेल्या पट्ट्या लवचीक होतात, आणि मधल्या एखाद्या राहिलेल्या जागेत नंतर भोक पाडायला गेले, तर बिटच्या दाबाखाली जाळीच तडकते.